मदत हवी आहे: डावा हात कोपराखाली नाही, लेथवर परत उभं राहायचंय. जास्तीचं लोखंडही द्यायचंय (भांडुप)

नमस्कार मंडळी,

भांडुपला मामाच्या गाळ्यात एक जुनी साडेचार फुटी लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापायचं मशीन) आहे. रविवारी मी तिच्यावर असतो. पोटापाण्याचं काम वेगळं आहे, हा छंद. इथल्या बऱ्याच जणांशी दारूखान्याच्या भंगार बाजारात माल चाळताना ओळख झालेली आहे.

गेल्या जुलैत पावसात मोटरसायकल घसरली आणि हातावरून टेम्पो गेला. कोपराखाली चार बोटं ठेवून डावा हात काढावा लागला. मशीनवर झालेलं नाही हे आधीच सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. फेब्रुवारीत केबलवाला हात मिळाला. पाठीवरून पट्टा जातो, खांदा पुढे घेतला की केबल ताणली जाते आणि हूक उघडतो. मिटवायचं काम रबराची कडी करते. पिशवी, छत्री, ट्रेनमधली कडी, सगळं जमायला लागलंय. लेथवर मात्र पहिल्याच दिवशी अडलो.

अडलो ते चकवर, म्हणजे तुकडा धरणाऱ्या फिरत्या पकडीवर. २५ मिमीचा तुकडा जबड्यात धरायचा आणि चावी फिरवायची, एवढंच काम. इतकी वर्षं डावा हात तुकडा धरायचा, उजवा चावी. आता हूकने धरला की तेलकट दांडा निसटतो. तीनदा पडला, तिसऱ्यांदा थेट बेडवर, लेथच्या खालच्या लोखंडी पाटावर. तिथे बारीक खळी पडली आहे. दिसत नाही, पण नख फिरवलं की लागते. त्या दिवशी मी शटर ओढून घरी आलो.

कानशीचं दुखणं वेगळं. उजव्याने ढकलायची आणि डाव्या तळव्याने टोकावर दाब द्यायचा, तेव्हा ती सपाट चालते. टोकावर दाब नसला की झुलते आणि कामाला पोट येतं, म्हणजे मध्ये फुगवटा राहतो. सेंटर पंचवर हातोडा मारायचा तर पंच कोण धरणार?

आणखी एक. टूल थरथरायला लागलं, तो किर्र आवाज आला, की माझी नसलेली डावी मूठ घट्ट आवळली जाते. उघडता येत नाही. मशीन बंद करून बसावं लागतं. ज्यांचा हात किंवा पाय गेलाय त्यांना कामाच्या आवाजाने असं होतं का, हे मनापासून विचारतोय.

चौथा प्रश्न आट्यांचा. हूकचा बुंधा मनगटात आट्यांवर बसतो. गेज लावलं, तर अर्धा इंच, इंचाला २० आटे, म्हणजे यूएनएफ, बारीक आट्यांचं माप. त्या आट्यांवर बसतील अशी कामापुरती दोन-तीन तोंडं मला स्वतःच बनवायची आहेत: एक कानशीचं टोक दाबायला, एक पट्टी धरायला. पण मी विचारलं त्या दुकानांत अर्ध्या इंचाचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) म्हणजे व्हिटवर्थचा, जुन्या ब्रिटिश मापाचा, १२ आट्यांचा, नाहीतर सरळ एम१२ पुढे करतात. २० चा टॅप कुणाकडे आठवडाभरासाठी मिळेल का?

आता देण्याचं. उत्साहाच्या भरात मी भरपूर माल साठवला होता. ईएन८ पोलादाचे ४० आणि ५० मिमी व्यासाचे मीटर-मीटरचे पाच दांडे आहेत. मीटरच्या वजनासाठी व्यास मिमीत घेऊन डी स्क्वेअर भागिले १६२ करून बघा, ४० चा दांडा दहा किलोला जेमतेम कमी, ५० चा साडेपंधरा किलो. एका हाताने हे मशीनवर चढवणं आता माझ्याच्याने होत नाही आणि होईल असा हट्टही नाही. शिवाय एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) पट्ट्या आणि गनमेटलचे बुश आहेत. पावसाळा तोंडावर आलाय. आपल्या हवेत ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी दांडा) तेल लावून कागदात गुंडाळला तरी गंजतो. त्याआधी कामाला लागला तर बरं वाटेल. पैसे नकोत. बदल्यात कुणाकडे एचई३० अ‍ॅल्युमिनियमचे किंवा पितळेचे छोटे तुकडे पडून असतील तर द्या. अ‍ॅल्युमिनियमचा तोच ४० चा दांडा साडेतीन किलोच्या आत येतो, तो मी हाताळू शकतो.

प्रतिसाद १

भाऊ, पस्तीस वर्षं टर्नर होतो, त्या अनुभवावर सांगतो. तुकडा हाताने धरायचाच नाही. सागाचा ठोकळा घे, खालून बेडवर नीट बसेल असा कर, वर व्ही खाच पाड. खाचेतला तुकडा बरोबर सेंटरच्या उंचीला आला पाहिजे. वेगळ्या जाडीसाठी खाली पातळ पट्ट्या सरकव. जबडे जेमतेम मोठे उघड, तुकडा खाचेवरून आत सरकव, टेलस्टॉकमध्ये (चकसमोरच्या सरकत्या टेकूत) सपाट तोंडाचं पॅड लावून मागून दाब दे. तुकडा तिथेच उभा राहतो आणि हात चावीला मोकळा. हलकं आवळ, पॅड मागे घे, चक हाताने एक फेरा फिरवून बघ, मग पक्कं आवळ. ठोकळा आणि चावी दोन्ही काढल्याशिवाय स्विचकडे जायचं नाही. शिवाय पुढचा तुकडा निसटला तरी लाकडावर पडेल.

छोट्या कामाला कानस फिरवूच नकोस. कानसच शेगड्यात (बाकावरच्या व्हाइसमध्ये) आडवी धर, जबड्यांना लाकूड लावून, आणि जॉब तिच्यावर घास. शेवटचा हात जाड काचेवर एमरी पेपर चिकटवून. पंचसाठी नागदेवीच्या हत्यारबाजारात स्प्रिंगचा ऑटोमॅटिक सेंटर पंच मिळतो, हातोडाच लागत नाही.

घिसाड्यांच्या पालावर बघितलं असशील, सांडशीने धरणारा एक आणि घण मारणारी दुसरी. एकट्याने सगळं करण्याचा नेम लोहारकामात मुळात नाहीच. जड कामाला हाक मार, मी मुलुंडहून येईन.

प्रतिसाद २

माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही, नऊ वर्षं झाली. आवाजाने होतं. मला वेल्डिंगच्या चर्रर्रने पोटरी पिळवटल्यासारखी व्हायची. आरशाचा उपाय थेरपिस्टकडे विचारा. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तो पुढे आणला. आरसा असा ठेवायचा की धड हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल, आणि मग सावकाश मूठ उघडायची. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, मला महिन्याभरात फरक पडला. हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथल्या ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांना कामाचे फोटो दाखवा. "लेथ" म्हटल्यावर समोरच्याला चित्र उभं राहत नाही.

तोंडं जरूर बनवा, पण सॉकेटला स्वतः भोक पाडू नका. ड्रिलखाली जॉब कृत्रिम हाताने धरू नका, क्लॅम्पच लावा. केबल आणि पट्टा शर्टाच्या आत असू द्या, चालू चकजवळ लोंबणारं काहीही नको.

अर्धा इंच २० चा टॅप माझ्याकडे आहे. आधी साडेअकरा मिमीचं ड्रिल मारा. रविवारी दिव्यांग डब्यातून येतो, सोबत एचई३० चे हातभर तुकडे आणतो. ४० चा एक दांडा मला ठेवा, न्यायला भाचा येईल.

धागाकर्ता

काका, दादा, दोघांचेही आभार. ठोकळा केला. साग नव्हता, जुन्या दाराच्या चौकटीचं लाकूड वापरलं. पहिली खाच दोन मिमी वर आली होती, रंधा मारून उतरवली. आज २५ चा तुकडा एकट्याने चढवला, फेसिंग केलं (तोंड सपाट केलं), पडला नाही.

कानस शेगड्यात धरून घासायला मजा येत नाही, पण पोट येत नाही हे खरं. आरशाचं बुधवारी विचारतो.

५० चे दोन्ही दांडे अजून आहेत. गनमेटलचे बुश गेले. रविवारी दहानंतर गाळा उघडा असेल. दांडे कापून हवे असतील तर माप आधी कळवा, हॅक्सॉ मशीन सावकाश चालते आणि ५० ला बराच वेळ घेते.