शब्दचर्चा : हायड्रोजन हे ‘इंधन’, ‘ऊर्जावाहक’ की ‘ऊर्जावाहू’? आणि ‘ऊर्जासुरक्षा’ म्हणजे कोणती सुरक्षा?

ऐरोलीहून

आमच्या वसाहतीतील ज्येष्ठ नागरिकांच्या वाचनगटासाठी मी ‘हायड्रोजन इंधन आणि आपल्या भागाची ऊर्जा सुरक्षा’ असे एक टिपण लिहिले. ते वाचून झाल्यावर एका आजींनी पहिलाच प्रश्न विचारला, “मग याचा स्फोट होऊ नये म्हणून काय करतात?” प्रश्न अगदी रास्त होता, चुकली होती ती माझी शब्दयोजना. अपघातापासून बचाव आणि पुरवठ्याची शाश्वती या दोन्ही अर्थांना मराठीत आपण ‘सुरक्षा’ हा एकच शब्द वापरतो. सीबीडी बेलापूरला मुख्यालय असलेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद कारखान्यांतील अपघात टाळण्यासाठी काम करते आणि ४ मार्च हा तिचा स्थापनादिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. पण देशाच्या संरक्षणाचा विचार करणाऱ्या दिल्लीतील परिषदेचे नावही राष्ट्रीय सुरक्षा परिषद असेच आहे. तेव्हा आजींनी पहिला अर्थ घेतला, यात नवल नाही.

माझी सूचना अशी की, गळती, आग, स्फोट यांच्या संदर्भात ‘सुरक्षितता’ म्हणावे, आणि पुरवठ्याच्या संदर्भात ‘ऊर्जासुरक्षा’ असा जोडशब्द लिहावा. २०१३ च्या कायद्यामुळे ‘अन्नसुरक्षा’ हा शब्द रुळलेला आहे, आणि तो ऐकून कोणी अन्न शिळे आहे का असे विचारत नाही.

या शब्दाचा अर्थ आपल्या भागाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या रुळांवरच थांबल्या. त्या दिवशी देशात विजेचा तुटवडा नव्हता. कळव्याला वीज आणणाऱ्या पारेषण वाहिन्या बंद पडल्या होत्या. म्हणजे ऊर्जा कुठेतरी असणे वेगळे आणि हवी तेव्हा, हवी तिथे मिळण्याची शाश्वती असणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीचे नाव ऊर्जासुरक्षा.

खरी अडचण ‘इंधन’ या शब्दाची आहे. कोळसा किंवा नैसर्गिक वायू खणून काढला की हाती ऊर्जा येते. हरित हायड्रोजनचे, म्हणजे उन्हावाऱ्याच्या विजेवर केलेल्या हायड्रोजनचे, तसे नाही. पाण्याचे विद्युत अपघटन करून, म्हणजे वीज सोडून त्यातले हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करून, एक किलो हायड्रोजन मिळवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते, त्या किलोत ३३ युनिट ऊर्जा उरते, आणि इंधनघटातून (हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून थेट वीज देणाऱ्या उपकरणातून) तिची पुन्हा वीज केली तर हाती जेमतेम १६ ते १८ युनिट येतात. ‘इंधन’ म्हटले की वाचकाला नवी खाण सापडल्यासारखे वाटते, आणि संपूर्ण विषयाचा गैरसमज तिथेच सुरू होतो. त्यामुळे शासकीय लेखनात ‘ऊर्जावाहक’ म्हणतात. पण ‘वाहक’ म्हटल्यावर शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकातली तांब्याची तार आठवते. याला पर्याय काय?

कोपरखैरणेहून

ताई, ठाणे–बेलापूर पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्यात माझी सारी नोकरी हायड्रोजनच्या आसपास गेली, म्हणून दोन शब्द लिहितो.

‘इंधन’ हा शब्द टाकून देऊ नये, असे माझे मत आहे. ‘इंध्’ या धातूचा अर्थ पेटणे. जे पेटते ते इंधन, मग ते कुठूनही आलेले असो. लोणारी कोळसा माणूसच लाकूड जाळून करतो, त्यातही बरीच ऊर्जा वाया जाते, तरीही आपण त्याला इंधन म्हणत आलो आहोत.

मात्र ‘वाहक’ नको, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. वाहकातून ऊर्जा पार होते, त्यात ती साठत नाही. हायड्रोजनमध्ये ती भरावी लागते, वाहून न्यावी लागते आणि मुक्कामी उतरवावी लागते. याला आपल्याकडे ‘मालवाहू’ हा सुरेख नमुना आहे. तेव्हा ‘ऊर्जावाहू’ म्हणावे. मालवाहू ट्रक स्वतः माल पिकवत नाही, हे कोणालाही सांगावे लागत नाही; ‘ऊर्जावाहू वायू’ म्हटल्यावर ऊर्जा कुठून भरली, हा प्रश्न वाचक आपणहून विचारील.

हे वाहन किती जड असते, तेही सांगण्यासारखे आहे. आमच्याकडे हायड्रोजनचे लाल बाटले येत. त्यांच्या तोंडाचे आटे डावे असतात, म्हणजे ज्वलनशील वायूचा बाटला चुकून ऑक्सिजनच्या जोडणीवर बसू नये. पन्नास किलोंहून जड पोलादी बाटल्यात, दीडशे बार, म्हणजे हवेच्या सुमारे दीडशेपट दाबाखाली, वायू भरतो जेमतेम अर्धा किलो. नव्या माणसाला हे सांगितले की तो बाटला पुन्हा एकदा हलवून पाहत असे. हायड्रोजन वजनाला हलका असला तरी वाहतुकीला अवजड आहे.

म्हणूनच, ज्या कारखान्यांना रसायन म्हणून हायड्रोजन लागतो, तिथेच त्याचा पहिला उपयोग आहे. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत तो गंधक काढायला वापरतात. चेंबूर आणि थळच्या खतकारखान्यांत त्यापासून अमोनिया करतात. तिथे तो आज मुख्यतः जीवाश्म इंधनांपासून, विशेषतः नैसर्गिक वायूपासून येतो, आणि देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा आयात होतो. तो हायड्रोजन इथल्या उन्हावाऱ्याच्या विजेवर तयार झाला, तर आयात तेवढी घटेल. माझ्या मते या भागापुरता ऊर्जासुरक्षेचा सर्वांत ठोस अर्थ हाच आहे.

ऐरोलीहून

काका, लोणारी कोळशाचे उदाहरण मला पटले. गाडीच्या टाकीबद्दल लिहिताना ‘इंधन’ आणि प्रदेशाच्या हिशेबाबद्दल लिहिताना ‘ऊर्जावाहू’, असा भेद मी यापुढे पाळेन.

आणखी एक शब्द इथेच निराळा काढायला हवा. पुष्कळ लेखांत ‘ऊर्जासुरक्षा’ आणि ‘ऊर्जास्वावलंबन’ हे समानार्थी म्हणून येतात. ते तसे नाहीत. युरोपीय संघाने २०२२ मध्ये, रशियन वायूवरील अवलंबित्व संपवण्यासाठी, २०३० पर्यंत दरवर्षी एक कोटी टन हरित हायड्रोजन घरी तयार करण्याचे आणि तेवढाच आयात करण्याचे उद्दिष्ट ठेवले. यात सुरक्षा आहे, कारण विक्रेते अनेक होतात. स्वावलंबन अर्धेच आहे. आपल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात मात्र (मंजुरी जानेवारी २०२३, तरतूद १९,७४४ कोटी रुपये) २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादन देशातच करायचे आहे, म्हणून तिथे ‘स्वावलंबन’ शोभते.

टिपणातील पहिले वाक्य मी आता असे बदलले आहे : ‘हायड्रोजन हा ऊर्जावाहू वायू असून, तो इथल्याच विजेवर तयार झाला आणि इथेच साठवला गेला, तर आपल्या भागाच्या ऊर्जासुरक्षेत भर पडेल, त्याच्या हाताळणीतील सुरक्षिततेचा विचार शेवटच्या भागात केला आहे.’ पुढच्या बैठकीत आजींना हेच प्रथम वाचून दाखवणार आहे.