मदत हवी आहे: व्हिडिओत आवाज हळूहळू हातामागे पडतो

नमस्कार मंडळी,

मी भूमिती शिकवते आणि धडे घरीच रेकॉर्ड करते. एक मोबाइल स्टँडवर आडवा लावून वरून कागद टिपते, आवाज दुसऱ्या मोबाइलवर कॉलर माइकने घेते. सुरुवातीला एक टाळी वाजवते आणि एडिटिंग करताना त्या टाळीवर दोन्ही जुळवते. पहिली काही मिनिटं सगळं बरोबर असतं. विसाव्या मिनिटाला मात्र मी "आता हा कर्ण जोडू" म्हणते, तोवर पडद्यावर कर्ण जोडून पेन्सिल कोनाची खूण करत असते. भूमितीत हे चालत नाही हो. रेघ ओढतानाच शब्द कानावर पडला नाही, तर ती का ओढली हेच मुलांच्या हातून निसटतं.

धडा दोनदा नव्याने रेकॉर्ड केला, तरी तेच. सध्या आवाजाचे तुकडे करून एकेक अलीकडे ओढते, त्यात अख्खी संध्याकाळ जाते.

शिवाय आवाज घुमतो. ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या नॉइज रिडक्शनने (गोंगाट कमी करायची सोय) पंख्याची घरघर गेली, घुमणं तसंच. जास्त लावलं तर पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं वाटतं.

कॅमेरा बदलावा लागेल, की माझ्याच पद्धतीत काही चुकतंय?

प्रतिसाद

कॅमेरा बदलू नका. सेटिंगमध्ये सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) दिसल्या तरी बरेच मोबाइल उजेड कमी झाला की फ्रेमचा वेग बदलतात. काही एडिटर ॲप तो एकसारखाच धरून चालतात आणि मग आवाज सरकतो. मूळ फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करायच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला, ३० फ्रेम आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (फ्रेमचा एकसारखा वेग) निवडा, जी नवी फाइल मिळेल ती एडिटरमध्ये घ्या. आवाज रेकॉर्ड करताना सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या किती नोंदी घ्यायच्या तो आकडा, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. शेवटीही एक टाळी वाजवा. दोन मोबाइलची घड्याळं तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत, त्यामुळे थोडा फरक उरतो. शेवटची टाळी जुळेपर्यंत आवाजाची लांबी किंचित आखडून घ्या.

घुमणं मात्र रेकॉर्डिंगच्या वेळीच थांबवावं लागतं. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर ठेवा आणि समोरच्या भिंतीवर जाड रजई टांगा.

धडेही छोटे करा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या व्हिडिओंचा २०१४ मधला अभ्यास आहे, पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदींचा. त्यात लोक सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओच जास्त टिकून बघत होते. छोट्या फाइलमध्ये आवाज सरकायलाही फारसा वाव उरत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार! कालचीच फाइल हँडब्रेकमधून काढली, आता कर्ण आणि शब्द बरोबर येतात. अगदी शेवटी जरासा फरक आहे, तो दुसऱ्या टाळीने बघते. रजई आजच टांगते.

एक विचारायचं राहिलं. सिद्धता सहा मिनिटांत संपत नसेल तर मधे कुठे तोडावी? रचना झाल्यावर थांबवावं की त्रिकोण एकरूप ठरल्यावर?