आईनंतर भावाचं पालकत्व: अर्ज आता करावा की थांबावं?

नमस्कार. माझं माहेर वेंगुर्ल्याजवळ. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसतो). माणसं ओळखतो, थोडं बोलतो, पण पैशाचे व्यवहार त्याला कळत नाहीत. बाबा गेल्यावर कलमांच्या बागेच्या सातबाऱ्यावर आई, मी आणि तो अशी तिघांची नावं लागली. आई ७१ वर्षांची आहे. तिच्यानंतर त्याला मी माझ्याकडे कुडाळला आणणार, हे घरात ठरलेलंच आहे. पण त्याच्या वतीने सही कोणी करायची?

सर्टिफिकेट २००८चं, कागदी. त्यावर नुसतं 'अस्थिव्यंग, ७५ टक्के'. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) अजून काढलेलं नाही. केंद्राच्या पेन्शनला ८० टक्के लागतात, म्हणजे तीही नाही. (तिथेही केंद्राचा वाटा २०१२पासून ३०० रुपयेच आहे. सरकार बदललं, 'अपंग'चं 'दिव्यांग' झालं, ३०० काही हलले नाहीत.) प्रत्येक निवडणुकीनंतर आई विचारते, "सरकार बदललां, आता ह्यो कागद चालतलो मां?" मला तिला खात्रीने उत्तर द्यायचंय. पालकत्वाचा कायदा १९९९चा आहे म्हणतात. तो उद्या बदलला तर केलेलं पालकत्व टिकेल का? की नवीन काही येईपर्यंत थांबावं?

---

ताई, थांबू नका. योजनांची नावं आणि रकमा सरकारच्या मर्जीवर असतात, कायद्याचं तसं नाही. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा वाजपेयींच्या काळातला, नंतरच्या सगळ्या सरकारांत चालू राहिला. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या जागी आलेल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं विधेयकही मनमोहन सिंग सरकारने २०१४मध्ये मांडलं होतं, मंजूर झालं मोदी सरकारच्या काळात. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ होते ते २१ झाले, पण जुनी सर्टिफिकेटं त्यामुळे रद्द झाली नाहीत.

आधी यूडीआयडीची तपासणी करून घ्या आणि त्यात 'सेरेब्रल पाल्सी' हे शब्द स्पष्ट येतील असं बघा. न्यासाचा कायदा मोजक्याच प्रकारांना लागू आहे, नुसत्या 'अस्थिव्यंग'वर अडाल. मग जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज; याच कायद्याखाली पालक तीच नेमते. तिच्यात जिल्हाधिकारी असतात. पालक नेमल्यावर सहा महिन्यांत भावाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशेब. सातबारा आहे, तेव्हा कलमांच्या उत्पन्नाची वही आत्तापासूनच वेगळी ठेवा.