कार्ड मशीन घेऊ की नुसता क्यूआर? सल्ला द्या

नंदुरबारी_तिखट: राम राम मंडळी. नंदुरबारला मिरची पावडर नि मसाल्याचं दुकान आहे. सुरत, इंदूरकडचे गिऱ्हाईक येतात, नंतर फोनवर ऑर्डर देतात. काही जण कार्ड पुढे करतात. वडील म्हणतात, टॅपवाल्या कार्डातून खिशातल्या खिशात पैसे काढून घेतात. खरं आहे का? मशीन घेऊ का?

भुसावळ_जंक्शन: क्यूआर लाव नि मोकळा हो. यूपीआय आणि रुपे डेबिटवर २०२० पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे बँक कापते ते कमिशन, नाही.

तापीकाठ: भो, काउंटर वेगळं नि ऑनलाइन वेगळं. काउंटरवर चिप प्रत्येक व्यवहाराला नवा कोड बनवून देते. जुना कोड कोणी चोरला तरी पुन्हा चालत नाही. काळ्या पट्टीची मात्र नक्कल व्हायची, म्हणून रिझर्व्ह बँकेनं नुसत्या पट्टीची कार्डं २०१८ अखेरपर्यंत बदलायला लावली. टॅपला कार्ड मशीनला जवळपास टेकवावंच लागतं, आणि पाच हजारांच्या वर पिन लागतो. तरी वडिलांना धाकधूक असेल तर अ‍ॅपमधून टॅप बंद करून द्या.

ऑनलाइनला चिप काही कामाची नाही, कारण कार्ड तुझ्या मशीनपर्यंत येतच नाही. येतात ते नुसते आकडे. तिथं सगळी भिस्त ओटीपीवर. म्हणून "भाऊ, नंबर लिहून घ्या" म्हणणारा गिऱ्हाईक कितीही जुना असो, वहीत नंबर लिहायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर मागायचा नाही. पेमेंट लिंक पाठव. मोठ्या साइटनाही १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड नंबर साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन, म्हणजे खऱ्या नंबरच्या जागी चालणारा बदली नंबर, ठेवतात, आणि ते त्या दुकानाबाहेर चालत नाही.

नंदुरबारी_तिखट: लिंक एकाला पाठवली होती. कार्ड नवं कोरं, तरी पेमेंट होईना.

केळीबाग_रावेर: नव्या कार्डावर ऑनलाइन नि टॅप दोन्ही बंदच येतं, तसा नियमच आहे. त्याला बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करायला सांग. आणि मशीन घेण्याआधी महिन्याचं भाडं विचार. आमच्याकडे एकानं हौसेनं घेतलंय, आता त्यावर धूळ बसलीय. क्रेडिट कार्डावर कमिशन कापतात ते वेगळंच. तुझ्या मसाल्यात तेवढी मार्जिन आहे का ते तूच बघ.

नंदुरबारी_तिखट: दीडशे-दोनशेच्या पुड्यांवर कसली मार्जिन! सध्या क्यूआर नि लिंक. मशीनचं उन्हाळ्यात, वर्षाचा मसाला भरायची गर्दी झाली की बघू. कोणाला किती भाडं पडतं ते इथंच टाका.