चाळिशीनंतर ऑनलाइन कायनेसिऑलॉजी मास्टर्स करावं का?

खोखोवाली:
नमस्कार मंडळी, मी 43, डॅलसजवळ राहते, 16 वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेय. सांगलीत असताना खो-खो खेळायचे आणि गेली चार वर्षं दर रविवारी इथल्या आपल्या मुलांना शिकवते. मागच्या उन्हाळ्यात एक 14 वर्षांची मुलगी पळता पळता एकदम वळली आणि गुडघा धरून खालीच बसली, कुणाचा धक्का नाही की काही नाही, एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट) फाटलं. तेव्हापासून डोक्यात तेच, की मी पळायला शिकवलं पण पळता पळता वेग कमी कसा करायचा, वळताना गुडघा आत कसा जाऊ द्यायचा नाही हे मला स्वतःलाच कुठे माहीत होतं. म्हणून कायनेसिऑलॉजीचं (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) मास्टर्स करावं म्हणते, नोकरी सोडणं शक्य नाही म्हणून ऑनलाइन. झेपेल का? बीएस्सी आणि एमसीए झालंय, बायॉलॉजी बारावीनंतर नाही.

औंधकर_ह्यूस्टन:
ताई, नक्की झेपेल. मी 47 व्या वर्षी सुरू केलं, 36 क्रेडिट्स, एका सेमिस्टरला एकच विषय, क्वचित दोन, तीन वर्षांच्या वर लागली. आधी कम्युनिटी कॉलेजात अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी लॅबसकट करून घ्या, बऱ्याच ठिकाणी ते मागतातच. बायोमेकॅनिक्सला (हालचालींमागचं बल-कोनांचं गणित) साइन-कॉस परत काढावं लागलं, पण मजा त्यातच आली. एक असाइनमेंट होती, मी आईचा खुर्चीतून उठतानाचा व्हिडिओ घेतला, घोटा, गुडघा, खुबा तिन्हीवर पांढरी टेप लावून, आणि कायनोव्हियात कोन मोजले (व्हिडिओवर कोन मोजायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे). तिची पावलं गुडघ्यांच्या बरीच पुढे असायची, म्हणून हात टेकल्याशिवाय उठताच यायचं नाही. पावलं मागे घ्यायला सांगितलं, पुढे वाकायला सांगितलं, उठली की हो! दोन वर्षं आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

फिजिओ_नागपूर:
करा जरूर, पण एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. या डिग्रीने तुम्ही फिजिओ होत नाही. अमेरिकेत त्यासाठी डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी ही डिग्री), साधारण तीन वर्षं, क्लिनिकल पोस्टिंगसकट, आणि लायसन्सची परीक्षा. अ‍ॅथलेटिक ट्रेनरचंही (खेळाडूंच्या दुखापती बघणारा) वेगळंच मास्टर्स लागतं. माझ्या ओळखीतल्या एकीला हे डिग्री हातात आल्यावर कळलं, फार वाईट वाटलं. तुम्हाला मुलांना घडवायचंय तर सीएससीएस (खेळाडूंची ताकद-फिटनेस घडवणाऱ्या कोचचं सर्टिफिकेट) परीक्षा बघा, सध्या कुठल्याही विषयातली बॅचलर्स चालते, 2030 पासून मात्र संबंधित विषयाचीच लागणार आहे.

रात्रपाळी:
पैशांचं, एचआरला आजच विचारा. कंपनीने शिक्षणासाठी दिलेले वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत टॅक्स लागत नाही. काही कंपन्या कामाशी संबंधित विषयच धरतात, तेवढं बघा. आणि मार्कशीट्सचं इव्हॅल्युएशन (भारतातली डिग्री इथल्या कशाच्या बरोबरीची ते ठरवणं) लगेच सुरू करा, भारतातून ट्रान्सक्रिप्ट यायला लागतो तेवढा वेळ लागतोच.

खोखोवाली:
खूप खूप आभार सगळ्यांचे. फिजिओ व्हायचं नाहीये मला, मैदानावरच राहायचंय, त्यामुळे उलट बरं वाटलं वाचून. ऑगस्टमध्ये अ‍ॅनाटॉमी घेतेय, संध्याकाळची लॅब मिळतेय. दादा, कायनोव्हिया मॅकवर चालतं का? मुलांचे वळतानाचे व्हिडिओ आत्तापासूनच घेऊन ठेवीन म्हणते, पालकांना विचारून अर्थात.

औंधकर_ह्यूस्टन:
नाही, विंडोजच लागतं, जुना लॅपटॉप असला तरी पुरतो. वळताना गुडघा आत जातो का ते बाजूने दिसायचं नाही, समोरून घ्या. आणि फोन स्टँडवर ठेवा, हातात धरला की कोन चुकतात.