बोन सिमेंट : 'चिकटवतात' का चालत नाही?

भाषांतरी : रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. विषय खुब्याचं हाड मोडल्यावर अर्धा सांधा बदलण्याचा, म्हणजे वाटी मूळचीच, गोळा तेवढा नवा. मी लिहिलं, 'गोळ्याचा दांडा सिमेंटने हाडाच्या पोकळीत चिकटवतात.' सर्जननी 'चिकटवतात'वर काट मारली, कारण काही सांगितलं नाही. दुसरं क्रियापद सुचवा.

भूलवाला : काट बरोबर आहे. सिमेंट हाडाला चिकटतच नाही. जाळीदार हाडाच्या छिद्रांत शिरून तिथे कडक होतं आणि दांडा जखडला जातो. म्हणून तर आधी पोकळी फवाऱ्याने धुऊन कोरडी करतात. रक्त आणि चरबी राहिली की सिमेंट आत शिरत नाही. बोटांनी भरायचं असेल तर हातमोज्याला चिकटेनासं होईपर्यंत थांबतात. आता घ्या!

रिकामटेकडा : मग गवंडी म्हणतात तसं 'दर्जा भरणे' का नको? दोन दगडांमधली फट भरून काढायची, तेच काम. 'सिमेंट'च्या मुळाशी असलेला लॅटिन शब्दही दगडाच्या कपच्यांचा आहे, गोंदाचा नव्हे.

शुद्धमती : गवंडीकाम रुग्णाच्या मांडीत नको. 'अस्थिपूरक' म्हणा.

रोखठोक : अस्थिपूरक म्हणजे कॅल्शियमची गोळी वाटते. संमतीपत्रावर सिमेंट, नातेवाइकांच्या तोंडी सिमेंट, मग आपल्यालाच का सोवळं?

शुद्धमती : कारण ऐकणाऱ्याला बांधकामाचं पोतं दिसतं. वस्तू आहे ॲक्रिलिक, कवळीत वापरतात त्याच जातीचं. खुब्याच्या सांधेबदलात सिमेंट रूढ करणाऱ्या सर्जन चार्नलींना ते सुचवलं तेही दंतसाहित्याच्या रसायनतज्ज्ञानेच.

रोखठोक : मग 'कवळीचा मसाला' लिहा, आजोबा लगेच सही करतील.

भूलवाला : थट्टा पुरे. पत्रकात हे आहे का, की सिमेंट भरताना आणि दांडा बसवताना रक्तदाब आणि ऑक्सिजन एकदम घसरू शकतो? त्या वेळी सर्जन मोठ्याने 'सिमेंट' म्हणून बजावतात, आम्ही सावध होतो. वयस्कर, हृदय अशक्त असलेल्या रुग्णात ही धास्ती जास्त.

भाषांतरी : आहे, पण मुळात 'क्वचित' एवढंच आहे. बरं, आणखी एक. दांड्याच्या टोकाखाली पोकळी बंद करायला प्लग बसवतात, मग गनने खालून वर सिमेंट भरत आणतात. प्लगला 'बूच' लिहिलंय.

रिकामटेकडा : बूच बाटलीच्या तोंडाला, वरून. आत सारतात तो दट्ट्या.

शुद्धमती : दट्ट्या मागेपुढे हलतो, पिचकारीतला. हा एकदा बसला की बसला. बूचच.

रोखठोक : आमच्याकडे पिंपाच्या तळाच्या भोकालाही दट्ट्याच मारतात आणि तो तसूभर हलत नाही.

भूलवाला : थिएटरमध्ये सगळे 'रिस्ट्रिक्टर' म्हणतात, बाकी चालू द्या.

भाषांतरी : अहो, क्रियापद राहिलं.

रिकामटेकडा : दट्ट्याचं? 'मारणे'.