थंडीत डिझेल व्हॅन लवकर चालू होत नाही: तपासणी कुठून सुरू करावी?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे चार सिलिंडरची कॉमन रेल (एकाच सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल देणारी) डिझेल व्हॅन असून ती आतापर्यंत सुमारे दोन लाख किलोमीटर चालली आहे. पहाटेचे तापमान ३-४ अंशांवर उतरल्यापासून, म्हणजे गेले तीन आठवडे, ती पहिल्या प्रयत्नात चालू होत नाही. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते, पण रेंगाळत फिरते. दुसऱ्या प्रयत्नात सायलेन्सरमधून पांढरट धूर येऊ लागतो, तिसऱ्या-चौथ्या वेळी ती कशीबशी चालू होते आणि पुढे साधारण अर्धा मिनिट तीनच सिलिंडर चालत असल्यासारखी थरथरत राहते. एकदा गरम झाली की दिवसभर किल्ली फिरवताच चालू होते.

बॅटरी आणि डिझेल फिल्टर दोन्ही नवीन बसवले आहेत. हीटरचा पिवळा दिवा नेहमीप्रमाणे लागून विझतो, त्यामुळे हीटर प्लग (गार इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारे) ठीक असावेत असे मी धरून चाललो आहे. आता एका मेकॅनिकने हाय प्रेशर पंप उतरवायला सांगितले आहे, तर दुसऱ्याने रोज सकाळी एअर फिल्टरजवळ स्टार्टिंग स्प्रे मारण्याचा सल्ला दिला आहे. पहाटेच माल पोहोचवायचा असल्यामुळे गाडीवर माझे सगळे काम अवलंबून आहे. पंपाला हात लावण्याआधी काय काय तपासावे, हे कृपया सांगावे.

उत्तर १

पंप उतरवू नका. सेल्फ फिरत असताना पांढरा धूर येतो, याचा अर्थ डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचत आहे, फक्त ते पेटत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. गार इंजिनात ही उष्णता सिलिंडरच्या भिंती शोषून घेतात, आणि इंजिन सावकाश फिरत असेल तर शोषून घ्यायला त्यांना अधिक वेळ मिळतो. त्यामुळे तुमच्या वर्णनातला ‘रेंगाळत’ हा शब्द मला धुराइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पिवळ्या दिव्यावर विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो ठरावीक वेळेनंतर विझतो. प्लग खरोखर तापले की नाही, हे तो सांगत नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात एखादा प्लग गेला तरी एरवी ते जाणवतही नाही, मात्र थंडी वाढली आणि त्यातच दोन प्लग गेलेले असले तर नेमका तुमच्यासारखा त्रास होतो. चालू झाल्यावरची अर्ध्या मिनिटाची थरथर हीच शंका पक्की करते, कारण गार सिलिंडर आपोआप तापेपर्यंत तिथले डिझेल नीट जळत नाही.

प्लग मोजण्यासाठी त्यांच्यावरची वायर काढा आणि प्लगचे टोक व इंजिनचा धातू यांच्यामध्ये मल्टीमीटर ओहमवर लावा. चांगल्या धातूच्या प्लगचा रोध साधारण अर्धा ते दोन ओहम असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलेली आहे. आकडा इतका लहान असल्यामुळे आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध वजा करायला विसरू नका. प्लगला बॅटरीची थेट वायर लावून ‘लाल होतो का’ हे मात्र पाहू नका, कारण नवीन गाड्यांतील काही प्लग १२ व्होल्टपेक्षा बऱ्याच कमी दाबावर चालणारे असतात आणि ते क्षणात जळतात. चारही प्लग ठीक निघाले, तर रिले किंवा कंट्रोलरकडून त्यांना वीज येते का ते पाहा.

स्टार्टिंग स्प्रेबद्दल अगदी स्पष्ट लिहितो: हीटर प्लग असलेल्या इंजिनात तो वापरू नका. त्यातील ईथर तापलेल्या प्लगवर भलत्याच वेळी पेटतो आणि पिस्टन किंवा रिंगा मोडू शकतात.

उत्तर २

प्लगच्या आधी सेल्फचा वेग पाहावा, असे मला वाटते. बॅटरी नवीन आहे म्हणजे सेल्फपर्यंत पूर्ण वीज पोहोचते, असे होत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा हवा. नंतर कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजा. आकडा ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी कमकुवत आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढत आहे. तो ११ च्या आसपास राहिला आणि तरीही इंजिन सावकाश फिरले, तर वीज वाटेतच अडते आहे. अशा वेळी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी थेट इंजिनच्या धातूवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांना जोडणारी वायर, खराब आहे. पॉझिटिव्ह केबलचीही तशीच तपासणी करा. इंजिन ऑइल थंडीला मानवणारे आहे ना, हेही पाहा. जाड ऑइल चांगल्या सेल्फलाही दमवते.

उत्तर ३

हाच त्रास असूनही ज्यांच्या गाडीतून धूर अजिबात येत नाही, त्यांच्यासाठी थोडे लिहितो, कारण त्यांची वाट वेगळी आहे. तिथे डिझेल पोहोचतच नाही. रात्रीतून एखाद्या सैल जोडातून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परत उतरते. फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे दिसतात. कॉमन रेलमध्ये ठरावीक दाब, साधारण २०० ते ३०० बार, तयार होईपर्यंत कंट्रोल युनिट इंजेक्टर उघडतच नाही. म्हणून स्कॅनरवर रेलचा दाब पाहावा आणि नंतर इंजेक्टरच्या रिटर्न लाइनमधून किती डिझेल परत येते ते प्रत्येकाचे वेगळे मोजावे.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी सांगितले तसे दोन दिवस तपासले. सेल्फ मारताना बॅटरीवर ११.१ व्होल्ट होते, पण निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांच्यामध्ये १.४ व्होल्ट दिसले. गिअरबॉक्सजवळची अर्थिंगची पट्टी सोडवली तेव्हा तिच्या टोकाखाली हिरवट बुरशीसारखा थर होता आणि अर्ध्या तारा तुटलेल्या होत्या. नवीन पट्टी घातल्यावर इंजिन पूर्वीसारखे झपाट्याने फिरू लागले आणि व्हॅन दुसऱ्या प्रयत्नात चालू झाली. प्लगपैकी दुसरा आणि चौथा पूर्ण तुटलेला निघाला. दुसरा बदलल्यावर आज ४ अंशांत ती पहिल्याच प्रयत्नात चालू झाली, थोडीशी थरथरली इतकेच. चौथा प्लग मात्र पान्याला हलत नाही. जोर लावू का?

उत्तर १

लावू नका. प्लग आतच मोडला, तर तो काढण्यासाठी हेड (सिलिंडरवरचा इंजिनचा वरचा भाग) उतरवण्याची वेळ येऊ शकते. मुळाशी गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर मुरू द्या, मग इंजिन पूर्ण गरम करून लहान पान्याने पाव फेरीपेक्षाही कमी सोडवा आणि परत आवळा, असे हळूहळू करत राहा. तरीही हलला नाही तर तसाच ठेवा. तीन चांगल्या प्लगांवर आणि नव्या अर्थिंगवर ही थंडी निभावेल, आणि हेडचे काम जेव्हा केव्हा निघेल तेव्हा तो काढता येईल. नवीन प्लग बसवताना त्याच्या उत्पादकाने दिलेल्या टॉर्कइतकाच आवळा, त्यापेक्षा जास्त नाही.